सिपनेचं खोरं: चिखलदऱ्याचे पॉइंट पाहून झाले असतील, तर आता खाली उतरा

सिपनाकाठ

नमस्कार मंडळी,

मेळघाटावरचे बहुतेक धागे 'चिखलदऱ्याला शनिवार-रविवारात काय पाहावं' इथे सुरू होतात आणि पंचबोल पॉइंटवरच्या फोटोंपाशी संपतात. उरलेले धागे कुपोषणाच्या बातमीवर निघतात. चिखलदरा सुंदरच आहे, विदर्भातलं ते एकमेव थंड हवेचं ठिकाण. आणि १९९३ साली ज्या बालमृत्यूंमुळे मेळघाटाचं नाव देशभर गेलं, तो प्रश्न अजून संपलेला नाही. पण या दोन गोष्टींच्या मधे सिपना नदीचं एक अख्खं खोरं आहे, तिथे माणसं शेती करतात, बाजार भरवतात, सण करतात. मी नोकरीनिमित्त धारणी तालुक्यात आलो आणि इथलाच होऊन गेलो, म्हणून हा धागा.

आधी जागा समजून घ्या. गाविलगडचे डोंगर म्हणजे सातपुड्याची दक्षिणेकडची रांग. वर पठारावर, साधारण ११०० मीटरवर, चिखलदरा. तिथून उत्तरेला जमीन घड्या पडल्यासारखी उतरत जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार अशा पाच नद्या या घड्यांमधून वाहतात आणि सगळं पाणी शेवटी तापीला जातं. यातलं सिपनेचं खोरं बघायला सगळ्यात सोपं, कारण परतवाडा-धारणी रस्ता बरंच अंतर नदीच्या सोबतीने जातो. परतवाड्याहून घाट चढायचा, घटांगला चहा घ्यायचा आणि पलीकडे उतरलं की सेमाडोह, साधारण ५० किलोमीटर. पुढे कोलकास, हरिसाल, मग धारणी.

कोलकासला वनखात्याचं जुनं विश्रामगृह नदीच्या वळणावर, उंच काठावर आहे. संध्याकाळी तिथे नुसतं बसायला मिळालं तरी येणं सार्थकी लागतं. वनखात्याचे हत्तीही इथेच असतात. सेमाडोहला पर्यटन संकुल आहे, राहायची सोय साधी पण चांगली.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात, 'कोणत्या महिन्यात यावं?' आणि उत्तर मिळतं, 'पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात थंडी.' हे हवामानाचं उत्तर झालं. माझं म्हणणं असं की खोऱ्यातली माणसं त्या महिन्यात काय करत असतात ते पाहून या.

दिवाळी झाली की इथले आठवडी बाजार घुंगरू बाजार होतात. गावोगावची गुरं राखणारे थाट्या रंगीत कपडे, घुंगरं, बासऱ्या असा सगळा थाट करून बाजारात उतरतात, दुकानादुकानापुढे नाचतात आणि बक्षिसी घेतात. वर्षभर रानात गुरांमागे फिरणाऱ्या माणसाचे ते मानाचे दिवस. ते संपले की निम्मं गाव रिकामं होतं. बायका-पोरांसह लोक अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर मजुरीला जातात. ही माणसं परत येतात ती होळीला. होळीच्या आधीचे चार दिवस परतवाडा-धारणी एसटीत पाय ठेवायला जागा नसते. डोक्यावर गाठोडी, हातात नवीन कपड्यांच्या पिशव्या. इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण होळीच. मेघनाथाचे उंच लाकडी खांब उभे असतात, तिथे जत्रा भरते, नवस फेडले जातात. पोरं आणि बायका रस्त्यावर गाड्या थांबवून फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागतात. गाडी थांबवली म्हणून घाबरू नका, वैतागू तर मुळीच नका. दहा-वीस रुपये हसतमुखाने द्या, दोन मिनिटं त्यांचं गाणं ऐका.

मग मोह. मार्चपासून फुलं गळायला लागतात, तीही रात्री. पहाट फुटायच्या आत घरातलं प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली टोपली घेऊन हजर. फूल फिकट पिवळं, रसाने टच्च भरलेलं, मधे आरपार भोक. बोटांना चिकटतं, आणि वास असा गोड की रिकाम्या पोटी जरा जड जातो. अंगणात चार-पाच दिवस वाळलं की ते लालसर तपकिरी होऊन बेदाण्यासारखं आक्रसतं. एवढी मेहनत करून वजन किती उरतं, ते एकदा डोळ्यांनी पाहाच. मे महिन्यात तेंदूपत्ता. तो संपेपर्यंत आभाळ भरून येतं.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माहीत असेल तेवढं सांगेन.

वऱ्हाडी_पाऊस

भाऊ, मस्त लिवलं. एक रायलं पण. परतवाड्यावरून जाता तं बहिरमले काहून नाही थांबत? २० डिसेंबरले बहिरमबाबाची यात्रा सुरू होते, जानेवारी संपेपर्यंत चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशची हद्द तिथंच लागते. आमच्या चांदूर बाजार तालुक्यातले लोक वर्षभर वाट पायतात. तिथं जाऊन रोडगे खाजा. गव्हाचं जाडंभरडं पीठ, पारीत पारी भरून गोळा करतात अन् गोवऱ्याच्या इंगळात भाजतात. राख झटकून फोडला की आतून वाफ निघते, त्याच्यावर तूप ओतायचं अन् सोबत वांग्याची भाजी, वरण. मटण खाणाऱ्याले मातीच्या हंडीतलं मटण. हे हॉटेलात भेटत नाही, तिथंच बसून खा लागते.

अन् मुक्तागिरी. जैनांची ५२ मंदिरं, डोंगरात धबधब्याच्या बाजूनं. कागदावर बैतूल जिल्हा हाय, पण रस्ता आमच्याच परतवाड्याकडून.

ऋता_पुणे

सिपनाकाठ, खूप छान लिहिलंय. डिसेंबरमध्ये यायचं ठरतंय. सोबत सत्तरीची आई आणि आठ वर्षांचा मुलगा. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे चढ-उतार फार नको. सफारीपेक्षा गावं, बाजार, लोक पाहण्यात आम्हाला जास्त रस आहे. पण 'आदिवासी गाव बघायला' जाणं हे कितपत बरोबर, असंही सारखं मनात येतं. कुणाच्या घरात डोकावून फोटो काढत फिरायचं नाहीये. मग जायचं कसं?

सिपनाकाठ

ऋताताई, याचं उत्तर माझ्यापेक्षा इथल्या माणसाने दिलेलं बरं. जंगलवाट या आयडीने लिहिणाऱ्या ताई इथे येतात, त्या कोरकू आहेत. त्यांना हाक मारतो.

आईंसाठी एवढं सांगतो की सेमाडोह आणि कोलकास दोन्हीकडे गाडी दारापर्यंत जाते. चिखलदऱ्यातही देवी पॉइंटच्या पायऱ्या सोडल्या तर बऱ्याच जागा गाडीतून उतरून दोन पावलांवर आहेत. भीमकुंड वरूनच पाहा.

जंगलवाट

जोहार.

ऋताताई, तुम्ही विचारलंत हेच चांगलं झालं. सरळ सांगते. गावात यायला कुणाची मनाई नाही. पण काहीतरी काम घेऊन या. बाजारातून भाजी घ्या, कुटकी (बारीक भरडधान्य) घ्या, मोहफुलं घ्या, बांबूची टोपली घ्या. विकत घेणाऱ्या माणसाशी बोलणं आपोआप होतं. नुसता कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला आम्हालाही सुचत नाही. फोटो आधी विचारून. लहान मुलांना चॉकलेटं वाटू नका. गाडी दिसली की मुलं रस्त्यावर धावतात आणि त्याची सवय जीवघेणी आहे.

'नाच दाखवा' असं म्हणू नका. गदुली-सुसून हा आमचा नाच, तो आमच्या सणाला, लग्नाला होतो. त्या वेळी तुम्ही आलात तर हाताला धरून ओळीत घेतील. एरवी पैसे देऊन अंगणात नाचायला लावणं आमच्या म्हाताऱ्यांना आवडत नाही, मलाही नाही.

आमची भाषा ऐका. कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे संथाली, मुंडारीच्या नात्यातली. आजूबाजूला सगळीकडे मराठी, हिंदी, गोंडी, आणि मधे ही. नातेवाईक भाषा सगळ्या तिकडे झारखंड-ओडिशाकडे. माझा भाचा शाळेत मराठी बोलतो, बाजारात हिंदी आणि आजीशी कोरकू. पहिलीत गेला तेव्हा बाईंचं काही कळत नव्हतं म्हणून गप्प बसायचा आणि सगळ्यांना तो मठ्ठ वाटायचा. अशी मुलं अजून आहेत. मेळघाट म्हटलं की वाघ आणि कुपोषण एवढंच लोकांना माहीत असतं, म्हणून हे लिहिलं.

गडवाट

गाविलगडाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही! चिखलदऱ्याच्या अगदी लागून आहे आणि निम्मे पर्यटक बाहेरूनच परत जातात. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास बांधला, पुढे इमादशाही, मग नागपूरकर भोसले. दिल्ली दरवाजावरची शिल्पं नीट पाहा, गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, आहे.

१५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी हा किल्ला घेतला. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तो दक्षिणेकडून. पण खरा मारा उत्तरेकडून झाला. स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा या डोंगरांतून, रस्ता करत करत, ओढून वर आणल्या. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. आज घाटातून चारचाकी नेताना दुसऱ्या गिअरला दम लागतो, तिथे माणसं आणि बैल तोफा ओढत होते. उत्तरेकडच्या तटावर उभं राहिलं की ही लढाई नकाशाशिवाय समजते.

किल्ल्यात गवत कमरेएवढं वाढतं, तेव्हा पावसाळा संपल्या संपल्या आत खोल जाऊ नका. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

ऋता_पुणे

जंगलवाटताई, मनापासून आभार. भाच्याबद्दल वाचून थांबलेच. मी स्वतः शिक्षिका आहे. कोरकूत मुलांसाठी पुस्तकं मिळतात का?

जंगलवाट

थोडी आहेत, देवनागरीतच. धारणीला आलात की भेटू, दाखवते. तुम्ही शिक्षिका असाल तर मुलांशी नुसतं गोष्टी बोलायला एक दिवस शाळेत या, आधी मुख्याध्यापकांना विचारून.

रानपिंगळा

पक्षी पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. माझ्या आयडीचं नाव ज्या घुबडावरून, तो रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडलाच नव्हता. नामशेष झाला असं धरूनच चालले होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर कळलं की मेळघाटातल्या सागाच्या रानात तो चांगला टिकून आहे. बाकी घुबडांसारखा हा रात्रीचा जीव नाही, दिवसाढवळ्या फांदीवर बसून सरडे पकडतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर दाट पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. ओळखायची खूण तीच.

कृपा करून कॉल वाजवून त्याला बोलावू नका. मोबाईलवर आवाज लावून पक्षी फांदीवर आणायचा आणि फोटो काढायचा, हे फार वाढलंय. विणीच्या दिवसांत तो पक्षी पिल्लं सोडून त्या खोट्या आवाजामागे फिरत बसतो.

आणि गाडी हळू चालवा. मेळघाट हा १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. सेमाडोह-हरिसालचा रस्ता त्याच जंगलातून जातो. अंधार पडल्यावर रानगवा रस्त्याच्या मधोमध उभा असतो आणि त्याचा काळा रंग दिव्यात शेवटपर्यंत दिसत नाही. उजेडात पोहोचाल असंच निघा.

अकोटकर

आमच्या बाजूनेही खोऱ्यात उतरायची एक वाट होती, ती रेल्वेची. अकोट-खंडवा मीटरगेज. धूळघाटजवळ गाडी वेटोळं घेऊन आपल्याच रुळांवरून वर चढायची; खिडकीतून खाली पाहिलं की थोड्या वेळापूर्वीचा रूळ दिसायचा. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. रुंदीकरण व्याघ्र प्रकल्पातूनच करायचं की बाहेरून वळवायचं यावर बराच वाद झाला आणि शेवटी मार्ग बाहेरून न्यायचं ठरलं. जंगलासाठी ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पण त्या गाडीवर ज्यांचा बाजार आणि दवाखाना अवलंबून होता, त्या वाटेवरच्या लहान गावांना बदल्यात काय मिळालं, हे विचारायलाच हवं. वन्यजीवांची बाजू मांडणाऱ्यांनी हाही प्रश्न तितक्याच जोराने मांडावा.

जंगलवाट

अकोटकरदादा, हे लिहिलंत म्हणून पुढचं लिहिते. वैराटला लोक जातात, जिल्ह्यातली सगळ्यात उंच जागा म्हणून, सूर्यास्तासाठी. तिथे वैराट नावाचं गाव होतं. व्याघ्र प्रकल्पासाठी पुनर्वसन झालं, आता गवताळ पठार आहे. बोरी, कोहा, कुंड त्याच्याही आधी उठली. काही कुटुंबांनी प्रति कुटुंब दहा लाखांचं पॅकेज घेतलं, काहींनी जमीन घेतली. कुणाचं बरं झालं: मुलांना शाळा, दवाखाना, वीज मिळाली. कुणाचे पैसे दोन-तीन वर्षांत संपले आणि हातात ना शेत ना रान. काही लोक जंगलात परतही आले होते. मी एका बाजूने बोलत नाहीये, माझ्याच नात्यात दोन्ही आहेत. सूर्यास्त पाहायला जाल तेव्हा एवढं माहीत असू द्या की तिथे घरं होती.

रानपिंगळा

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. त्या पठारावर आज सांबर आणि गवे चरतात, वाघाचे ठसे मिळतात, हेही मी पाहतो. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवरच्या. जिथे गावाच्या हातात जंगल दिलं, तिथे काय झालं तेही लोकांनी पाहावं. अचलपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला पायविहीर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर लोकांनी झाडं लावली, चराई आणि तोड स्वतः आवरली, आणि सीताफळं गोळा करून स्वतःच्या नावाने विकायला लागले. २०१४ मध्ये भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळाच्या दिवसांत परतवाड्याच्या वाटेवर असाल तर तिथली फळं जरूर घ्या.

परतवाडेकर

खरेदीचा विषय निघालाच आहे तर. चिखलदऱ्याच्या वाटेवर गवळ्यांची वस्ती आहे, खवा तिथून घ्या. इथे खवाच का, तर दूध काढलं तरी एवढा घाट उतरून सपाटीवर न्यायचं कसं, हा जुना प्रश्न. म्हणून दूध जागेवरच आटवायचं. लोखंडी कढईत लाकडाच्या जाळावर तासन्‌तास ढवळलेल्या खव्याला जो किंचित धुरकट वास असतो, तो गॅसवरच्या खव्याला येत नाही. रबडी आणि दहीही चाखा.

मोथा गावाला स्ट्रॉबेरी होते, थंडीत शेतावरच मिळते. कॉफीही पाहा, चिखलदऱ्यात ती पिकते इंग्रजांच्या काळापासून. धारणीकडे गेलात तर लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र चुकवू नका. तिथल्या बांबूच्या राख्या तर मुंबई-पुण्यापर्यंत जातात, आणि त्या बनवणारे हात इथल्याच गावांतले.

एक विनंती. पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, दारूच्या काचा दरीत फेकू नका. पावसाळ्यात शनिवार-रविवार पॉइंटवर डीजे लावून नाचणारी टोळकी असतात, सोमवारी सकाळी झाडणाऱ्या बायांना तो कचरा उचलताना पाहिलं की जीव तुटतो.

सिपनाकाठ

सगळ्यांचे आभार. पाण्यावरून एक सांगायचं राहिलं. जिथे जुलैत धबधबे कोसळतात त्याच डोंगरावर उन्हाळ्यात टँकर चालतो. खडीमलसारख्या गावात टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो आणि लोक ते तळाशी गाळात मिसळायच्या आत उपसून घेतात. खालचा खडक बेसाल्टचा, उतार तीव्र, त्यामुळे एवढा पाऊस पडूनही पाणी थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर हॉटेलात शॉवर सोडून उभं राहताना हे लक्षात ठेवा.

आणि दवाखान्याचं. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे दशकानुदशकं राहिले, २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. लोक त्यांच्या एक-दोन रुपयांच्या फीबद्दल सांगतात. मला त्यांचं शेतीतलं काम तितकंच मोठं वाटतं. पोट भरलं नाही तर औषध काय करणार, हे त्यांनी ओळखलं.

ऋता_पुणे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा नक्की केला. पहिला मुक्काम चिखलदरा, मग सेमाडोह, एक दिवस धारणीचा बाजार आणि लवादा, जंगलवाटताईंची भेट, परतीला बहिरम. जमेल ना? थंडी किती असते?

सिपनाकाठ

आरामात जमेल. थंडी पुण्यापेक्षा बरीच जास्त, आईंसाठी कानटोपी, लोकरीचे मोजे, शाल हवीच. खोऱ्यात पहाटे धुकं दाटून बसतं, ऊन यायला नऊ वाजतात. विश्रामगृहाचं बुकिंग आत्ताच करा, नाताळच्या सुट्टीत जागा मिळत नाही. परतवाड्यात पेट्रोलची टाकी भरा, रोख पैसे काढून ठेवा, सेमाडोहच्या पुढे मोबाईलची रेंज येते-जाते. आईंची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या.

वऱ्हाडी_पाऊस

ताई, बहिरमले येजा तं सकाळीच रोडगेवाल्याले सांगून ठेवजा किती माणसं हायेत ते. मंग दर्शन घ्या, यात्रा फिरा. भाजाले दोन-अडीच तास लागतात, ऐन वेळेवर मागतलं तर कच्चे भेटतात. अन् आईले देवळाच्या टेकडीवर चढवू नका, खालूनच हात जोडा.